लेआउटच्या मोकळ्या जागेत सामूहिक भाजीबाग: नागपूरच्या उन्हाळ्यात टिकवायची असेल तर

ऑगस्टमध्ये सगळीकडे हिरवं दिसतं, तेव्हा लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "आपल्या मोकळ्या जागेत भाजी लावायची का?" धडाधड अंगठे येतात. डिसेंबरात पालक-मेथीचे फोटो येतात. एप्रिल संपता संपता त्याच जागेत भेगाळलेली माती, उन्हाने कडक होऊन फुटलेला पाईप आणि कमरेएवढं गाजरगवत उभं असतं.

मी पाहिलेल्या बागा अशाच गेल्या, आणि ज्या टिकल्या त्यांनी एकच गोष्ट वेगळी केली: बाग किती मोठी ठेवायची हे त्यांनी मे महिन्याकडे बघून ठरवलं. नागपुरात वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे हा काही वाळवंटी प्रदेश नाही. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो, वारा कोरडा असतो आणि सिमेंटचे रस्ते रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. त्या काळात बाग वाळवंटातच आहे असं समजून चालायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

१. आधी माणसं मोजा

अंगठे मोजू नका. एकच प्रश्न विचारा: "१५ एप्रिल ते १५ जून नागपुरात कोण आहे?" लग्नसराई, शाळेच्या सुट्ट्या, गावाकडची कामं. निम्मा लेआउट रिकामा होतो. जे राहतात त्यांच्यातले सकाळी सहाला पाणी द्यायला कोण येतील, त्यांची नावं कागदावर लिहा. चार घरामागे एक माणूस निघाला तरी पुष्कळ.

साधं प्रमाण असं ठेवा: उन्हाळ्यात येणाऱ्या एका माणसामागे ३ फूट बाय १० फुटांचे दोन वाफे. सहा माणसं असतील तर बारा वाफे, मग जागा कितीही मोठी असो. उरलेल्या जागेत शेवगा, गोडनिंब, लिंबू, पपई लावा. पावसाळा-हिवाळ्यात उत्साह वाढला तर वाफे वाढवता येतात. वाढवलेले वाफे मार्चमध्ये बंद करायचे, हे मात्र आधीच ठरलेलं असू द्या.

रुंदी ३ फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. काळ्या मातीत ओलं असताना एकदा पाय पडला की ती जागा विटेसारखी होते.

२. जागा कोणाची, ते कागदावर बघा

"ती मोकळी जागा आपलीच आहे" हे वाक्य प्रत्येक लेआउटमध्ये ऐकू येतं. ते खरं असेलच असं नाही. नागपुरात हा प्रश्न जरा जास्तच गुंतागुंतीचा आहे, कारण १९३६ मध्ये स्थापन झालेलं नागपूर सुधार प्रन्यास आणि महापालिका या दोघांच्या ताब्यातल्या जागा शहरभर शेजारी-शेजारी आहेत. शिवाय गुंठेवारीतले (शेतजमिनीचे छोटे तुकडे करून विकलेले), नंतर नियमित झालेले किंवा अजून न झालेले लेआउट आहेत. तिथे नकाशात मोकळी जागा दाखवलेली असते आणि प्रत्यक्षात तिचा मालक भलताच निघतो.

तीन कागद मिळवा:

- लेआउटचा मंजूर नकाशा. प्लॉट विकणाऱ्याने दिलेला रंगीत नकाशा चालत नाही, मंजुरीचा शिक्का असलेला हवा.
- नगर भूमापन कार्यालयाची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). जागा अजून शेतीच्या नोंदीतच असेल तर सातबारा.
- शहर विकास आराखड्यात त्या जागेवर कसलं आरक्षण आहे त्याची माहिती. शाळा, रस्ता किंवा पाण्याची टाकी येणार असेल तर तिथे झाडं लावू नका. हंगामी भाजी चालेल.

तोंडी उत्तरं मिळत राहिली, आजचं उद्यावर जात राहिलं, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न एकाच विषयाचा आणि नेमका ठेवा: "अमुक खसरा क्रमांकातील मोकळी जागा आज कोणाच्या ताब्यात आहे, त्या नोंदीची प्रत द्यावी." "आमच्या जागेचं काय झालं" असं विचारलंत तर उत्तरही तसंच येतं.

कोणाचा तरी रिकामा खाजगी प्लॉट असेल तर गोष्ट सोपी आहे. मालकाकडून लेखी संमती घ्या, मुदत घाला (दोन हंगाम पुरे) आणि जागा मागितल्यावर महिनाभरात सोडू असं त्यात स्पष्ट लिहा. बहुतेक मालकांना भीती कब्जाची असते, भाजीची नसते. आणि भाजीत त्यांचा वाटा ठेवा!

३. परवानगीचा अर्ज

महापालिकेची जागा असेल तर आपल्या झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावाने अर्ज करा. शहरात दहा झोन आहेत. आपला कोणता ते घरपट्टीच्या कागदावर सापडेल. एक प्रत उद्यान विभागाला द्या. प्रन्यासची जागा असेल तर अर्ज तिकडे. साध्या कागदावर, मराठीत, एका पानात लिहा. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

अर्जासोबत जोडायचे कागद:

- वर सांगितलेल्या तीन कागदांच्या प्रती
- जागेचे चारही बाजूंनी काढलेले, तारखेसह फोटो
- हाताने काढलेला वाफ्यांचा नकाशा, मापांसह
- आजूबाजूच्या रहिवाशांच्या सह्या, घर क्रमांकासह
- पाणी कुठून घेणार, त्याचा एका परिच्छेदाचा खुलासा
- जबाबदार दोन व्यक्तींची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती
- "पक्कं बांधकाम करणार नाही, जागा मागितल्यास परत करू" असं हमीपत्र

शेवटचा कागद सगळ्यात उपयोगाचा. अधिकाऱ्याला बागेची हरकत क्वचितच असते. त्याला धास्ती असते ती आज वाफे, उद्या ओटा, परवा खोली आणि मग मंदिर या क्रमाची. ओटा बांधायची सूचना बागेतूनच कोणीतरी करणार, हे धरून चाला. सुरुवातीच्या बैठकीतच सिमेंटला नाही म्हणा.

लेआउटमध्ये नोंदणीकृत नागरिक मंडळ किंवा महिला मंडळ असेल तर त्यांच्याच नावाने अर्ज द्या. नवीन संस्था काढायला किमान सात सभासद, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा आणि दरवर्षीचा हिशेब तपासनीस लागतो. बारा वाफ्यांसाठी एवढा उपद्व्याप करू नका.

जागेत जुनं झाड असेल आणि सावलीमुळे वाफे जमत नसतील, तर कुऱ्हाड उचलू नका. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि फांद्या छाटायच्या तरी आधी विचारून घेतलेलं बरं. तसंही मे महिन्यात ती सावलीच तुम्हाला वाचवणार आहे.

४. मे महिन्याच्या पाण्याचा हिशेब

इथे घाई करू नका, कारण बाग इथेच बसते किंवा उठते.

उघड्या, आच्छादन नसलेल्या वाफ्याला मेमध्ये दर चौरस मीटरला दिवसाला आठ ते दहा लिटर पाणी लागतं. ३ बाय १० चा वाफा म्हणजे सुमारे २.८ चौरस मीटर, म्हणजे २२ ते २८ लिटर. तोच वाफा पालापाचोळ्याने झाकला आणि वर ५० टक्के सावली देणारी हिरवी नेट लावली, तर चौरस मीटरला पाच लिटरच्या आसपास भागतं. दर वाफ्याला एक १५ लिटरची बादली. बारा वाफ्यांना रोजचे १८० लिटर, म्हणजे हजार लिटरची टाकी पाच दिवस पुरते. नेट आणि पाचोळा नसेल तर तीच टाकी तीन-साडेतीन दिवसांत कोरडी.

पाणी आणायचं कुठून? घरगुती नळाचं पाणी जास्त वापरलं की दराचा टप्पा चढतो, त्यामुळे एकाच घराच्या नळावर बाग चालवली की जूनमध्ये भांडण ठरलेलं. टाकी भरायची पाळी घराघरात वाटा. जवळ जुनी विहीर असेल तर तिचा गाळ काढणं टँकरपेक्षा स्वस्त पडतं. आजूबाजूच्या छतांचं पाणी त्या विहिरीत सोडा: हजार चौरस फुटांच्या छतावर नागपूरच्या एका पावसाळ्यात नव्वद हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. ते टाकीत मावणार नाही, जमिनीत मावेल. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मात्र वाहू द्या, त्यात छतावरची वर्षभराची धूळ असते.

कूलरच्या पाण्याबद्दल सगळेच विचारतात. "रोज इतकं पाणी फेकतो, ते झाडांना टाकू का?" कूलरच्या टाकीतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, ताट्यांवर आणि टपात जो पांढरा थर दिसतो तो हाच. आठवडाभर फिरलेलं ते पाणी भाजीच्या वाफ्यात रोज टाकलं तर पानांच्या कडा जळायला लागतात. रस्त्याकडेच्या मोठ्या कडुनिंबाला टाका, त्याला फरक पडत नाही. टपात सुगंधी औषध टाकलेलं असेल तर तेही नको. पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यालाही हाच नियम. कूलरच्या जुन्या ताट्या आच्छादनाला वापरायचा मोह होतो. त्यांच्यातही वर्षाचे क्षार बसलेले असतात. फुटका कूलर टप मात्र घेऊन ठेवा, खाली भोकं पाडून त्यात पुदिना छान येतो.

पाणी देण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात.

मडकी: ५ ते ८ लिटरचं, रंग न लावलेलं, भाजलेलं नवं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरा. पाणी झिरपत राहतं आणि मुळं त्याच्याकडे येतात. एका मडक्याभोवती काकडी, दोडक्याचे तीन-चार वेल. दोन-तीन दिवसांनी भरायचं. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास. ज्यांना रोज यायला जमत नाही त्यांच्या वाफ्यात मडकीच घाला.

ठिबक: टाकी चार-पाच फूट उंच ओट्यावर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवली की पंपाशिवाय चालतं. कमी दाबावर चालणारे ड्रिपर मागा, लॅटरल (ड्रिपर बसवलेली बारीक नळी) तीस-चाळीस फुटांपेक्षा लांब नको, आणि फिल्टर वगळू नका. आपल्या पाण्याचा चुना ड्रिपरमध्ये बसतो. महिन्यातून एकदा टोकं उघडून पाणी सोडून द्या.

वेळ: उन्हाळ्यात सूर्य उगवण्याआधी किंवा माती निवल्यावर, रात्री. दुपारी पानं मान टाकतात, म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर तहान नव्हती, फक्त ऊन होतं.

५. माती

लेआउटच्या मोकळ्या जागेत माती कमी आणि मलबा जास्त असतो. विटांचे तुकडे, प्लास्टर, टाइल्स. प्लास्टर आणि सिमेंट वेचून काढा. आपली काळी माती आधीच चुनखडीची, अल्कधर्मी, त्यात ही भर नको. अशा मातीत लोह आणि जस्त असूनही झाडाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. लोक युरिया टाकत सुटतात, उपयोग शून्य.

माती तपासून घ्या. सहा-सात ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती खरवडा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून द्या. जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत हे काम होतं. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातही विचारून बघा. १९०६ पासूनची ती संस्था आहे आणि अनुभवी प्राध्यापक साध्या शंकाही ऐकून घेतात.

खोदायचं ते वाफसा असताना. ओली काळी माती फावड्याला चिकटते, वाळली की सब्बलही लागत नाही. मध्ये तीन-चार दिवस मिळतात, तेवढ्यात काम उरका. वर दोन-तीन इंच कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. माती मोकळी व्हावी म्हणून रेती टाकू नका. चिकण मातीत थोडी रेती मिसळली की ती आणखी घट्ट बसते.

लागणारी अवजारं: फावडं, टिकास, सब्बल, दोन घमेली, चार खुरपी, दोन झाऱ्या, चुंगड्या, रबरी हातमोजे. मोजे गाजरगवतासाठी. ते फुलायच्या आत उपटायचं, उघड्या हाताने नाही. अनेकांना त्याने अंगावर पुरळ येतं.

६. वाफे: पावसाळ्यात उंच, उन्हाळ्यात खोल

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर झुनी लोक चौकोनी, खोलगट खाचे करून भाजी लावत. कडेला मातीचे बांध, आत झाड. वारा अडतो आणि पाणी तिथेच मुरतं. फेब्रुवारी ते मे आपल्याला हेच करायचं आहे: वाफा जमिनीपेक्षा चार-सहा इंच खाली, कडेला बांध, आत पाचोळा.

पण इंटरनेटवरचे असे व्हिडिओ बघून जूनमध्ये खोल वाफे करू नका. काळ्या मातीत एका मोठ्या पावसात त्यांचं डबकं होतं आणि मिरची-टमाटरची मुळं दोन दिवसांत सडतात. पावसाळ्यात उलटं: गादी वाफा, सहा-आठ इंच उंच, दोन वाफ्यांमधून पाणी वाहून जायला चर. वर्षातून दोनदा माती खालीवर करावी लागते, त्याला इलाज नाही. जून सुरू होताना आणि जानेवारीअखेर एकेक रविवार त्यासाठी ठेवा, सोबत पोहे-चणा तर्री ठेवली की माणसं येतात.

जागा निवडताना इमारतीच्या पूर्वेकडची पट्टी पकडा. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी भिंतीची सावली. पश्चिमेच्या भिंतीलगतचा वाफा मेमध्ये भाजून निघतो. तिथे शेवगा लावा.

७. काय आणि कधी

सुरुवात पावसाळ्यात नको. पहिला हंगाम ऑक्टोबरचा धरा. थंडीत चुका माफ होतात, भाजी भराभर येते, लोकांचा विश्वास बसतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर), मुळा, टमाटर, फुलकोबी, पोपटाच्या शेंगा, लसूण. सांभार सगळा एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी एक पट्टा. जानेवारीत तरीही तो अंगावर येतो, तेव्हा सांभारवडीचा बेत करून मोकळं व्हायचं. थंडीची लाट आली तर रात्री टमाटरवर जुन्या चादरी टाका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा: ढेमसे, गवार, काकडी, भेंडी, चिवळ. मार्च उजाडला की उशीर झाला; ऊन चढायच्या आत मुळं खोल जायला हवीत. चिवळ तर उन्हाळ्याचीच भाजी आहे, बारीकसं पान आणि फारसे लाड नाहीत. टमाटर मात्र एप्रिलनंतर ठेवू नका. ३५ अंशांच्या वर फुलं गळतात, झाड हिरवंगार दिसतं आणि फळ धरत नाही. पाणी वाया.

जूनअखेर-जुलै: बरबटी (चवळीच्या शेंगा), दोडके, कारले, लौकी, अंबाडी, वांग्याची रोपं. पहिल्या पावसानंतर कुंपणाजवळ तरोटा (टाकळा) आपसूक येतो, तो गवत समजून काढून टाकू नका. कोवळा असतानाच त्याची भाजी होते.

८. पाचोळा, खत, कीड

नागपुरात कडुनिंब आणि सागाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि लोक ढीग करून पेटवतात. ते जाळणं नियमबाह्य तर आहेच, शिवाय दोन महिन्यांनी लागणारं आच्छादन तुम्ही जाळताय. त्या दिवसांत चुंगड्या भरून ठेवा. चार इंचांचा थर लागतो, आणि तो उन्हाने झपाट्याने बसतो, म्हणून वाटतं त्याच्या दुप्पट जमवा.

कंपोस्टला तीन भाग सुका पाचोळा, एक भाग ओला कचरा. वास आला की सुकं कमी पडलं. संत्र्याच्या साली हंगामात ढिगाने येतात. बारीक तुकडे करून थोड्या थोड्या टाका, एकदम बादलीभर नको.

वीस लिटर जीवामृतासाठी एक किलो ताजं देशी गाईचं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा ढवळा, दोन दिवसांनी वापरायला घ्या. आठवड्यात संपवा.

किडीसाठी जून-जुलैत पडणाऱ्या निंबोळ्या वेचून वाळवा. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा.

९. डुकरं, डास, साप

मोकाट डुकरं एका रात्रीत बारा वाफे उलटवतात. तारेची जाळी खालून सहा इंच पुरलेली हवी, नाहीतर ती खालून येतात.

टाकी, मडकी, बादल्या सगळं झाकलेलं ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून घासा. डेंग्यूचा डास अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. बागेमुळे डास झाले अशी एक तक्रार गेली की परवानगी धोक्यात येते.

पावसाळ्यात पाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठी घाला. सर्पमित्राचा नंबर फाटकावर लिहून ठेवा.

१०. पाळी आणि वाटा

पाण्याची पाळी फाटकावरच्या फळ्यावर लिहा, ग्रुपवर नको. ग्रुपवरचा मेसेज वर निघून जातो आणि मग "तुमची पाळी होती ना भाऊ?" "अवो, मी तं गावाला होतो, सांगतलं होतं ना" हे सुरू होतं. नियम असा ठेवा: गावाला जाणाऱ्याने आपल्या जागी कोण येणार त्याचं नाव स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहायचं. नाव न लिहिता गेला तर परतल्यावर दोन पाळ्या.

भाजी कशी वाटायची हे पहिली मेथी उपटायच्या आधी ठरवा. वाफे घराघरात वाटून दिले तर सोपं जातं, पण सुट्टीत ज्याचं घर बंद, त्याचा वाफा वाळतो आणि शेजारचा हात लावत नाही. सगळे वाफे सामाईक ठेवले तर पाणी सगळ्यांना पोचतं, पण शनिवारी सकाळी सगळ्यात आधी येणारा थैली भरून नेतो. आमच्याकडे जमलं ते असं: ऑक्टोबर ते फेब्रुवारी वाफे घरांच्या नावावर, मार्च ते जून सगळे सामाईक, आणि उन्हाळ्याची भाजी फक्त पाळी करणाऱ्यांमध्ये वाटायची. फळ्यावर हजेरी असतेच, वाद घालायला जागा राहत नाही.

पैशांसाठी दर घरामागे वर्षाची एकच वर्गणी ठरवा आणि ती ऑक्टोबरात गोळा करा. हिरवी नेट, टाकीचा स्टँड आणि जाळी हे तीन मोठे खर्च, तिन्ही फेब्रुवारीच्या आत झालेले हवेत. मार्चमध्ये नेटची मागणी वाढते आणि दुकानदार भाव सोडत नाही. नेट बांधताना पाच-सहा फूट उंचीवर, कडा घट्ट ताणून बांधा. रोहिणीच्या वादळात सैल नेट पहिली फाटते. जून लागला, पहिला दमदार पाऊस झाला, की ती उतरवून, धुऊन, वाळवून कोणाच्या तरी गच्चीवर ठेवा, उंदरांपासून लांब.